साथ ओसरल्यावर पारडं कुणाकडे झुकतं?

साथीत गरीब आणखी गरीब होतो, हे आपण 2020मध्ये पाहिलं. पण इतिहासात उलटंही घडलंय.

1348मध्ये इंग्लंडात प्लेग शिरला. थोड्याच काळात निदान एक तृतीयांश माणसं गेली. जमीन तेवढीच राहिली, राबणारे हात घटले. नुसता मुलूख ताब्यात असून भागत नाही, माणसं लागतात, हे आम्हा फौजी लोकांना चांगलं ठाऊक असतं. मजूर जास्त मजुरी मागू लागले.

जमीनदार गप्प बसले नाहीत. 1351मध्ये संसदेने कायदा केला: मजुरी साथीपूर्वीचीच, जास्त घेणाऱ्याला शिक्षा. पण पीक शेतात उभं! मग जमीनदारच चोरून जादा पैसे देऊन एकमेकांचे मजूर फोडू लागले. 1381मध्ये डोईपट्टीवरून झालेलं बंड चिरडलं गेलं; तरी वेठबिगारी हळूहळू सुटलीच.

पोलंडमध्ये मात्र पुढच्या दीड-दोन शतकांत सरदारांनी एकजुटीने कायदे करून शेतकऱ्याला जमिनीशी जखडलं.

म्हणजे नुसते हात कमी होऊन भागत नाही. मालक सोडून जाण्याची मोकळीकही लागते. 2020मध्ये हात होते, कामच नव्हतं. म्हणून साथीनंतर आधी हे पाहा: मजुराला ‘नाही’ म्हणता येतंय का?

जय हिंद.