खेळाडू पडल्यावर पहिलीं पांच मिनिटें

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हें, वैद्यहि नव्हें. पनवेल तालुक्यांतील एका शाळेंत ३६ वर्षें मुलांस शिकविणारा आणि संध्याकाळीं त्यांच्याबरोबर कबड्डीच्या मैदानावर उभा राहणारा मी एक मॅट्रिक झालेला मास्तर. खेळांतील दुखापतींविषयीं आज बोलावयास बसलों आहें, तें माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें.

तें वर्ष १९८९. भाताची कापणी होऊन शेतें मोकळीं झालीं होतीं, आणि आमच्या मुलांनीं एका खाचरांत मैदान आखलें होतें. सातवींतला एक मुलगा चढाईस गेला, पकडींतून निसटतांना तोल जाऊन पुढें पडला, आणि अंगाचा सारा भार टेकलेल्या उजव्या तळहातावर आला. मनगट सुजूं लागलें. ‘मुरगळलें आहे’ असा निकाल मीं उभ्याउभ्याच दिला. तेल मागवून चोळलें, आणि बोटें धरून एक हिसकाहि दिला. मुलगा किंचाळला. भोंवतालच्या मंडळीस वाटलें, सांधा बसला. वस्तुतः हाड मोडलें होतें. घरच्यांनीं माझ्या शब्दावर विसंबून तीन आठवडे नुसते लेप लावले, आणि हात वांकडाच जुळला. आतां तो गृहस्थ भेटला म्हणजे ‘गुरुजी’ म्हणून वांकून नमस्कार करतो. पण त्याचा उजवा तळहात पुरता वर वळत नाहीं. देवळांत तीर्थ घेतांना त्यास सारें अंगच तिरकें करावें लागतें.

त्या दिवशीं हात लावण्यापूर्वीं मीं पाहावयास हवें होतें. आपल्याकडे खेळाडू पडला कीं चहूंकडून माणसें धांवतात. कोणी काखेंत हात घालून उभा करतो, कोणी पाणी पाजतो, कोणी पाय ओढतो. या घाईंत माया असते हें खरें. परंतु तपासावयाचें तें पडल्या जागींच. तो शुद्धीवर आहे काय? श्वास नीट चालला आहे काय? रक्त वाहतें आहे काय? मान दुखते काय, हातापायांस मुंग्या येतात काय? मानेसंबंधीं होकार आला तर त्यास हलवूंच नये. डोकें आहे त्या स्थितींत दोन्ही हातांनीं स्थिर धरावें आणि दुसऱ्या कोणीं १०८ क्रमांकास फोन करावा. श्वासच थांबला असेल तर मात्र क्षणहि न दवडतां छातीच्या मध्यभागीं, मिनिटास १०० ते १२० या गतीनें, जोरानें दाब देत राहावें.

डोक्याचा मार सर्वांत फसवा. १९९८ सालच्या फेब्रुवारींत ढाका येथें आपले कसोटी खेळाडू रमण लांबा हे शिरस्त्राण न घालतां फलंदाजाच्या अगदीं निकट क्षेत्ररक्षणास उभे होते. चेंडू डोक्यास लागला. ते उठून आपल्या पायांनीं मैदानाबाहेर गेले. पुढें शुद्ध हरपली, शस्त्रक्रिया झाली, आणि तीन दिवसांनीं त्यांचें निधन झालें. कवटीच्या आंत रक्त हळूहळू सांचूं शकतें, म्हणून चालत गेला यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. मुलास ‘बरें वाटतें ना?’ असें विचारण्यांत अर्थ नाहीं. त्यास पुन्हां खेळावयाचें असतें, तो ‘हो’च म्हणणार. त्यापेक्षां शेवटची चढाई कोणीं केली, गुण किती झाले, हें विचारावें. उत्तरें बरोबर आलीं तरी संशय असेल तर त्या दिवसाचा खेळ संपला. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणें, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणें, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास तडक रुग्णालय गांठावें. पनवेलास उपजिल्हा रुग्णालय आहे. ‘सकाळीं पाहूं’ असें म्हणूं नये.

घोटा दुखावणें हें आमच्या खेळांत रोजचेंच. मुरगळला कीं मोडला हें सुजेवरून कळत नाहीं. नुसत्या मुरगळण्यानेंहि पाय भोपळ्यासारखा फुगतो. कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं एक कसोटी प्रसिद्ध केली, ती मास्तरासहि जमण्यासारखी आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंस जीं उंचवट्याचीं हाडें असतात, त्यांच्या मागच्या कडेवर व टोकावर बोटानें दाबावें. हाडच दुखलें, अथवा लंगडत कां होईना पण चार पावलें टाकतां आलीं नाहींत, तर क्ष-किरण चित्र काढलेंच पाहिजे. तोंवर पाय उंच ठेवावा, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटें धरावा, तोच दोन-तीन तासांनीं पुन्हां. बर्फ उघड्या कातडीवर ठेवूं नये. पहिले दोन-तीन दिवस चोळणें व शेकणें वर्ज्य. आमच्या आजीबाई मंडळीस हें पटत नाहीं, परंतु ताज्या दुखापतीस शेक दिल्यानें सूज वाढते.

हाड मोडल्याचा नुसता संशय असला तरी मोडलेंच आहे असें धरून चालावें. सांधा निखळलेला दिसला तरी ओढून बसवूं नये. अवयव सांपडला त्या स्थितींतच, गुंडाळलेलें वर्तमानपत्र किंवा फळ्यावरची लांकडी पट्टी लावून, वरचा व खालचा सांधा धरून बांधावा. हात असेल तर उपरण्याची झोळी गळ्यांत अडकवावी. बांधल्यावर नखें पाहावीं. तीं निळसर झालीं किंवा बोटें बधिर झालीं, तर बंध सैल करावा.

नाकांतून रक्त आल्यास मान मागें टाकूं नये, पुढें वांकवावी, व नाकाचा मऊ भाग १० मिनिटें चिमटींत धरावा. पक्का दांत समूळ पडला तर मुळास हात न लावतां तो दुधांत घालून तासाभरांत दंतवैद्याकडे न्यावा. खरचटल्यावर मैदानाची माती चोपडण्याची खोड मुलांस असते. ती मोडावी, साबणपाण्यानें जखम धुवावी, आणि धनुर्वाताच्या सुईची चौकशी करावी.

मोठी दुखापत असेल तर रुग्णालयांत जाईपर्यंत कांहीं खाऊंपिऊं घालूं नये. भूल देण्याची वेळ आल्यास पोट रिकामें असलेलें बरें. बरोबर एक चिठ्ठी द्यावी: किती वाजतां पडला, कसा पडला, शुद्ध गेली होती काय, उलटी झाली काय, कोणतें औषध दिलें. मी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून, पान फाडून, मुलाच्या खिशांत घालीत असें.