नागरिकांची टीका आणि शासनाची पत



शासनावर टीका करणारा तो शासनाचा वैरी, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो परकी अमदानीचा वारसा असावा. सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावी लागे. अशा राज्यात तक्रारीचा सूर उमटत नाही. त्या शांततेलाच समाधान मानणाऱ्या राज्यकर्त्यांना १८ जून १९४६ रोजी मडगावात लोकांनी उत्तर दिले.

आपल्या पेडण्याचेच पाहा. मोपाच्या पठारावरील विमानतळाला २०१५ साली पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. झाडे किती पडणार, झऱ्यांचे काय होणार, हे विचारणाऱ्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. परिसरातील वनांची व वृक्षतोडीची पुरती माहिती अर्जात दिलेलीच नव्हती. १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली, परंतु जादा अटी घालून आणि त्यांवर देखरेखीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ची नेमणूक करून. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. टीकाकार हरले, असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या अटी त्यांच्याच चिकाटीचे फळ होत. अर्थात विमानतळ हवा म्हणणारेही पेडणेकरच होते. मुलाला घराजवळ नोकरी मिळावी, ही इच्छा काही क्षुद्र नव्हे. पण जे अर्जात लिहायचे ते न्यायालयात उघडे पडले, की पुढच्या खऱ्या आकड्यावरही माणूस विश्वास ठेवीत नाही. पत गेली ती तेथे, टीकेने नव्हे.

डिचोलीत याची किंमत अधिक जबर पडली. खाणींची धूळ आणि शेतात उतरणारा गाळ यांविषयी गावकरी वर्षानुवर्षे बोलत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि खाणी एकाएकी थांबल्या. कर्जाने ट्रक घेतलेला माणूस हप्त्यांसह घरी बसला. गाळाने नासलेले शेत आणि दारात उभा ट्रक, दोन्ही पुष्कळदा एकाच वाड्यावर होते.

ग्रामसभेत आजही माणसे उठून प्रश्न विचारतात. प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो. उत्तराची वाट पाहण्यात पुढची सभा येते. मग तोच गृहस्थ रात्री मोबाइलवर लिहू लागतो, आणि तेथे त्याची भाषा सभेतल्यापेक्षा पुष्कळ कडवट असते.