मुलांना आपलं उपनगर दाखवूया



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अंधेरीत राहतो, दोन मुलांचा बाप आहे. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहा. आज जे बोलणार आहे ते बाप म्हणूनच. विषय अगदी साधा आहे: रविवारी मुलांना घेऊन कुठं जायचं?

आपल्या व्यासपीठावर हा विषय किरकोळ वाटेल. शिक्षण आहे, नोकऱ्या आहेत, मुलींचे प्रश्न आहेत, भाड्यानं घर न मिळण्याचा अनुभव इथल्या अनेकांना आहे. या सगळ्यात सहलीचं काय? पण मला वाटतं, मूल स्वतःला या शहराचं समजतं की नाही, हे बऱ्याच प्रमाणात त्याच्या रविवारवर ठरतं. शहर पायाखाली आलं तरच ते आपलं वाटतं. पुस्तकात वाचून किंवा भाषण ऐकून तसं होत नाही.

आपले रविवार कसे जातात ते आठवा. फुफीच्या घरी दावत, नाहीतर मॉल, नाहीतर दिवसभर मोबाइल. वर्षातून एकदा हाजी अली, माहिमचा उरूस, गेटवे आणि राणीची बाग. या सगळ्या जागा चांगल्याच आहेत. पण बघण्यासारखं जे काही आहे ते तिकडं शहरात आणि उपनगर म्हणजे फक्त राहण्याची, लोकल पकडण्याची जागा, अशी आपली समजूत झाली आहे.

ती खरी नाही. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, गेटवे या इमारती फार तर दीडशे वर्षांच्या आतबाहेरच्या. आपल्या उपनगरांत जे आहे ते दीड-दोन हजार वर्षांचं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी, अंधेरी पूर्वेला महाकाली म्हणजे कोंडिवटेची लेणी, जोगेश्वरीचं लेणं, बोरिवलीचं मंडपेश्वर. आणि वयाचाच विचार केला तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहेच. सुमारे 200 फूट उंचीचा हा बेसॉल्टचा सुळका सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. डायनासोर नामशेष झाले त्याच सुमाराचा. आमचा धाकटा डायनासोरची पन्नास नावं सांगतो, पण त्या काळातला दगड आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर उभा आहे, यावर त्याचा विश्वास बसेना. हात लावून बघितला तेव्हा बसला.

मग आपण जात का नाही? मी माझ्या घरात, इमारतीत, मित्रांत विचारलं. तीन उत्तरं मिळाली. त्या तिन्हींबद्दल बोलतो.

पहिलं उत्तर: "तिथं बघायला आहे काय? दगड आणि माकडं."

दगड नीट बघितला तर पुष्कळ आहे. कान्हेरीचं उदाहरण घेतो. एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झालं आणि जवळजवळ हजार वर्षं ही जागा नांदती होती. मी इंजिनिअर, त्यामुळं माझं लक्ष मूर्तींच्या आधी पाण्याकडं गेलं. आपल्याकडं पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने काहीच नसतं. डोंगरावर एवढे भिक्खू राहायचे तर मे महिन्यात प्यायचे काय? उत्तर तिथंच कोरलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात पाण्याचं टाकं आहे. जुन्या शिलालेखांत त्याला पोढी म्हणतात. वरच्या कातळावरून वाहणारं पाणी टाक्यात यावं म्हणून पन्हळी खोदल्या आहेत. मुलांना सांगा, पाणी कुठून आलं असेल ते बोटानं दाखवत वरपर्यंत जा. अर्धा तास कसा जातो कळत नाही. याच डोंगररांगेत पुढं इंग्रजांनी विहार तलाव बांधला, तो 1860 साली पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं. ज्या इमारतीत मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, तिथल्या मुलाला हे सारं फार लवकर समजतं.

तिथं कुणीतरी हमखास सांगतं की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. मुलांना "हे खोटं आहे" असं लगेच सांगू नका. त्यांना पहिल्या क्रमांकाच्या लेण्यापाशी न्या. ते अपुरं राहिलेलं आहे. काम कसं सुरू व्हायचं, कुठं थांबलं, सगळं दिसतं. छिन्नीचे घाव दाखवा आणि विचारा, एका रात्रीत झालं असेल का? आमची मुलगी म्हणाली, "एका रात्रीत झालं असतं तर अर्धवट कशाला सोडलं असतं?" कुणीतरी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आधी पुरावा बघायचा, ही सवय लेण्यात लागली तर घरी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या मजकुरापुढंही उपयोगी पडते. ती लहानपणीच लागलेली बरी.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते फार हळू आवाजात मिळतं: "आपलं तिथं काय?"

माझ्या मुलीनं हा प्रश्न सरळच विचारला होता. कान्हेरीच्या पायऱ्या चढताना ती म्हणाली, "अब्बू, ये अपना है क्या?" नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा, यात तिचा दोष नाही. टीव्हीवर, शाळेच्या बसमध्ये, सगळीकडं ती 'आमचं' आणि 'तुमचं' ऐकत असते.

मी तिला भाषण दिलं नाही. कान्हेरीतच उत्तर आहे. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत राजघराण्यांतले लोक आहेत तसे कल्याण, सोपारा, चौल इथले व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत, भिक्खुणी आणि घर सांभाळणाऱ्या बायाही आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी. पुढं 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे. पारशी लोक ही लेणी बघायला आले आणि आपली, आपल्या वडिलांची नावं कोरून गेले. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही दुसऱ्या धर्माची माणसं हा डोंगर चढून बघायला येत होती. आणि ज्या चौलच्या लोकांनी इथं दान दिलं, त्याच चौलला दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी आला होता. तिथं राहणाऱ्या मुसलमानांबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. कोकणातल्या आपल्या अनेक घरांची मुळं याच बंदरांच्या पट्ट्यात आहेत.

मी मुलीला एवढंच म्हणालो, "ज्यानं बांधलं त्याचं, ज्यानं सांभाळलं त्याचं आणि जो बघायला येतो त्याचंही." आपल्या राज्यघटनेतल्या मूलभूत कर्तव्यांतही हेच आहे. या देशाच्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. ज्याच्यावर जपायची जबाबदारी आहे, त्याला "तुझं तिथं काय" असं कोण विचारणार?

याच्या पुढचा अवघड धडा मंडपेश्वरला मिळतो. मुळात हे शैव लेणं, साधारण सहाव्या शतकातलं. आत नटराजाचं शिल्प आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं. एका भिंतीवर कोरलेला क्रूस अजून आहे आणि वर त्यांच्या इमारतीचे अवशेष उभे आहेत. अठराव्या शतकात मराठ्यांनी पोर्तुगीजांची सत्ता इथून हटवली. आज तिथं पुन्हा शिवाची पूजा होते आणि जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.

मुलं विचारतात, "मग चूक कुणाची?" इथं आईबापांनी पळ काढू नये. मूर्ती झाकणं, मोडणं हे चूकच होतं, असं सांगावं. आपल्यासारखी नावं असलेल्या सुलतानांनी कुठं असं केलं असेल तर तेही तितक्याच मोकळेपणानं सांगावं. पण त्याच वेळी हेही सांगावं की शेजारी राहणारा ख्रिस्ती मुलगा त्या पाद्र्याच्या कामाला जबाबदार नाही, आणि तूही कुठल्या सुलतानाच्या कामाला जबाबदार नाहीस. इतिहास खरा सांगायचा, पण त्याची वसुली आज शेजाऱ्याकडून करायची नाही. ज्या मुलाला हे दहाव्या वर्षी समजलं, त्याला विसाव्या वर्षी भडकवणं सोपं नाही. आणि त्याला खाली मान घालायला लावणंही सोपं नाही.

एक शिस्त मात्र पाळायची. जिथं पूजा चालू असेल तिथं चपला बाहेर, आवाज कमी, फोटो विचारून. आपल्या दर्ग्यात, मशिदीत पाहुण्यानं जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसं.

"लोक बघतात" असंही काहीजणी म्हणतात. माझी बायको हिजाब घालते. पहिल्यांदा तिलाही असंच वाटलं होतं. बघतात कधी कधी, नाही असं नाही. पण तीनचार वेळा गेलं की आपण सरावतो, तेही सरावतात. आपण दिसलोच नाही तर सरावणार कसे?

तिसरं उत्तर घरातल्या बायकांनी दिलं: "सहल तुमची, काम आमचं."

हे शंभर टक्के खरं आहे. सहल म्हणजे अम्मीनं पहाटे उठून बिर्याणी करायची, डबे, चादरी, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तिथं जाऊन वाढायचं आणि परत येऊन भांडी घासायची. लेणी नवरा आणि मुलं बघणार. आमच्या घरी आता नियम आहे: सहलीला स्वयंपाक नाही. खजूर, केळी, शेंगदाणे आणि परतताना वडापाव. कान्हेरीत हेच शहाणपणाचं आहे, कारण डबा उघडला की माकडं येतातच. पिशवी मी उचलतो. त्यामुळं बायकोलाही बघायला वेळ मिळतो, आणि पोढ्यांबद्दलचे सगळ्यात चांगले प्रश्न तिनंच विचारले. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळं सगळ्या पायऱ्या चढू शकत नाहीत. त्या तीन क्रमांकाच्या चैत्यापर्यंत येतात, तिथल्या उंच बुद्धमूर्तींसमोर बसतात आणि आम्ही खाली आलो की मुलांकडून वरचं सगळं ऐकतात. मुलांना सांगावं लागतं म्हणून ती नीट बघतात.

आता थोडं कामाचं. एका दिवसात एकच जागा बघा. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलानं एक प्रश्न ठरवायचा आणि परतल्यावर वहीत एक चित्र काढायचं, बस. तुम्हाला उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, विचारूया" म्हणा. सलीम अलींची गोष्ट मुलांना सांगा. मुंबईतल्या मुस्लिम घरात वाढलेला हा मुलगा. त्यानं मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, ते घरात कुणाला सांगता येईना. मामानं त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडं पाठवलं. त्यांनी नाव सांगितलंच, शिवाय कपाटं उघडून पक्ष्यांचा सगळा संग्रह दाखवला. पुढं तो मुलगा भारताचा सगळ्यात मोठा पक्षितज्ज्ञ झाला. मामाला उत्तर येत नव्हतं, पण कुणाकडं पाठवायचं ते कळत होतं. आईबापांनी एवढं केलं तरी पुरे.

खर्चाची काळजी करू नका. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं, पण पुरातत्त्व खात्याच्या जागी 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. सोमवारी उद्यान बंद असतं. फाटकापासून लेणी पाचसहा किलोमीटर आत आहेत, लहान मुलांना चालवत नेऊ नका. पावसाळ्यात कातळ फार निसरडा होतो, मुलांचा हात सोडू नका. घाटकोपरच्या लोकांना अंधेरी लांब वाटते, पण 2014 पासून मेट्रो आहे; महाकालीला येणं आता अवघड नाही. मुलुंड-भांडुपकडच्यांनी हिवाळ्यात खाडीवर फ्लेमिंगो बघावेत. आणि मुलांना हेही सांगावं की ज्या मार्गावरून आपली लोकल धावते, तिथूनच 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी गेली.

शेवटचं. ज्यांची अजून लग्नं झालेली नाहीत, त्यांनी "आम्हाला मुलं नाहीत" म्हणून सुटका करून घेऊ नये. भाचे आहेत, पुतणे आहेत, इमारतीतली मुलं आहेत. शेजारच्या घरातल्या एखाद्या मुलालाही सोबत घ्या, मग ते कुठल्याही जातीधर्माचं असो. आम्ही चार कुटुंबं येत्या रविवारी कान्हेरीला जातोय. सकाळी उद्यान उघडायच्या वेळी फाटकाशी भेटू. ज्यांना यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला सांगा. डबा आणू नका, पाणी भरपूर आणा, आणि मुलांना एकेक प्रश्न ठरवून यायला सांगा.