गव्हाणीजवळचा बैल

नाताळ जवळ आला की आपल्या शहरात छावणीकडच्या ख्रिस्ती घरांपुढे गवताने शाकारलेला छोटा गोठा उभा राहतो. आत बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि हमखास एक बैल, एक गाढव. गंमत अशी, की लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे. बैल आणि गाढव मात्र नाहीत. मत्तयाकडेही नाहीत. मग ते आले कुठून?

ते आले यशयाकडून. हा हिब्रू संदेष्टा येशूच्या सातशे वर्षे आधीचा. बैलाला धनी कळतो, गाढवाला गव्हाण कळते, माणसांनाच देव कळेना, अशी त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तक्रार आहे. शेतकऱ्याला ती समजावून सांगायला नको! पुढे तो म्हणतो, तुमचे होमबली पुरेत. अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. नंतरच्या ख्रिस्ती वाचकांनी ही गव्हाण लूकच्या गव्हाणीशी जोडली. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवरही ही जनावरे कोरलेली आहेत. आरास करताना बैल घेतला, विधवा तेवढी बाहेर राहिली.

संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. हिब्रूत त्याला नबी म्हणतात. उर्दूतला नबी त्याच गोतातला, म्हणून आपल्या शहराला तो परका नाही. कोकणातले बेने इस्राएलही एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात. नबी बोलतो ते आधी समोरच्या माणसांशी. कुमारी गर्भवती होईल, हे यशयाचे वचन मत्तयाने येशूला लावले. पण मुळात ते इ.स.पू. ७३५च्या सुमारास, दोन राजे यरुशलेमवर चालून आले असताना, घाबरलेल्या आहाज राजाला सांगितलेले. तिथला हिब्रू शब्द ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात ‘कुमारी’ या अर्थाचा शब्द आला आणि मत्तयाने तोच उचलला. ज्यू अभ्यासक इथे हरकत घेतात. ती ख्रिस्ती माणसानेही ऐकून घ्यावी, असे मला वाटते.

ही जुनी पार्श्वभूमी मराठीत पूर्वीच येऊन गेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार. पण ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. अख्खे पहिले पुराण त्यांनी सृष्टीची उत्पत्ती, इस्राएलचे राजे, नबी आणि तारणाऱ्याची वाट पाहणारे लोक यांनाच दिले आहे.