आजारामागून येणारा आजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या आनंदात आजाराचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु घरातले दुखणेखुपणे अखेर आपल्याच अंगावर येते. पथ्यपाणी आपण पाहतो, औषधाच्या वेळा आपण सांभाळतो आणि औषधांचा डबाही बहुधा आपल्याच ताब्यात असतो. तेव्हा हा विषय आपल्या मंडळात बोलला जावा, हेच योग्य.

करोनाची साथ आपण सर्वांनी पाहिली. २०२० साली ती आली आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिने कहर केला. त्या दिवसांत पुष्कळ घरांत असे घडले की, रोगी करोनातून उठला, घरी आला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा अंथरुणाला खिळला. लोक म्हणाले, 'करोना उलटला.' वस्तुतः कित्येकदा तो त्याच्यामागून आलेला निराळाच रोग होता.

असे का होते? आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांहून बारीक असे तंतू असतात. धूळ आणि जंतू ते सतत बाहेर लोटीत असतात. विषाणू हे अस्तरच दुखावतो. मग एरवी नाकात-घशात गुपचूप राहणाऱ्या जंतूंना फुप्फुसापर्यंत वाट मोकळी होते. कुंपण एकाने मोडावे आणि शेतात दुसऱ्याचीच गुरे शिरावीत, तसा हा प्रकार आहे.

ही गोष्ट नवी नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतील मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने आणि त्या काळच्या शवतपासणीच्या नोंदी अमेरिकेतील संशोधकांनी पुन्हा तपासल्या. बहुसंख्य माणसे पाठोपाठ झालेल्या जंतुजन्य न्युमोनियाने दगावली होती, असे त्यांनी २००८ साली दाखवून दिले. त्या साथीच्या वेळी पेनिसिलिन नव्हते. त्याचा शोध १९२८ साली लागला.

हीच भीती मनात असल्याने करोनात जंतुनाशक औषधे, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती, सढळ हाताने दिली गेली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा हिशेब मांडला. रुग्णालयात दाखल झालेल्या १०० करोना-रोग्यांपैकी सुमारे ८ जणांनाच त्या औषधांची गरज असलेला जंतुसंसर्ग होता. औषधे मात्र सुमारे ७५ जणांना दिली गेली! ही औषधे जंतूंना मारतात, विषाणूला नाही. शिवाय ती विनाकारण घेतली की जंतू त्यांना सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही. अतिदक्षता विभागात नळ्या लावून दीर्घकाळ पडलेल्या रोग्याची गोष्ट वेगळी. त्याला असा संसर्ग होण्याचा धोका खरोखरच अधिक असतो. पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे, आपल्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्यांचा नव्हे.

आता बुरशीविषयी. २०२१ साली 'काळी बुरशी' हे नाव घरोघरी पोहोचले. डॉक्टर तिच्या रोगाला म्युकरमायकोसिस म्हणतात. ही बुरशी ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात, शिळ्या पावावर असते आणि तिचे कण श्वासाबरोबर आपल्या नाकात जातच असतात. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. परंतु रक्तातील साखर बेसुमार वाढली आणि अंगची प्रतिकारशक्ती खालावली, की तिला आयती जमीन मिळते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते. तिथले मांस मरून काळे पडते, म्हणून ते नाव. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

जून २०२१ च्या अखेरीस देशात तिच्या ४०,००० हून अधिक रोग्यांची नोंद झाली होती आणि त्यांत आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. शंभरांतले सुमारे ६४ रोगी मधुमेही होते. निम्म्याहून अधिकांना स्टेरॉइड दिलेले होते. स्टेरॉइड हे वाईट औषध आहे काय? मुळीच नाही. जून २०२० मध्ये इंग्लंडातील मोठ्या चाचणीत दिसले, की प्राणवायू लावाव्या लागणाऱ्या करोना-रोग्यांचे प्राण त्याने वाचतात. परंतु प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नाही. त्याने साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. म्हणजे शेजारणीच्या चिठ्ठीवरून आणलेली गोळी कोठवर नेऊ शकते, ते पाहा.

त्या मे महिन्यात अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनासाठी लोक गावोगाव हिंडले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला, कोणाचे माणूस गेले. त्या घरांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. पुढे आपण सावध व्हावे म्हणून सांगते.

तेव्हा भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. घरात मधुमेही असेल तर कोणत्याही मोठ्या तापात आणि त्यानंतरही काही आठवडे साखर तपासून घ्या. स्टेरॉइड व अँटिबायोटिक डॉक्टरांवाचून सुरू करू नका आणि आपल्या मनाने मध्येच सोडूही नका. ताप उतरून पुन्हा चढला, दम वाढला, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून थांबू नका. नाकाची एक बाजू चोंदणे, काळपट वा रक्ताळ शेंबूड, गालावर दुखरी सूज, दात हलणे, डोळ्याची पापणी पडणे किंवा एकाचे दोन दिसणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या रोगात दिवस मोलाचे असतात.

शेवटी एक सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटावे, याची चर्चा आपल्याकडे दरवर्षी रंगते. यंदा एक लहानशी वही लुटू या. घरातल्या प्रत्येकाची चालू औषधे, कोणते औषध सोसत नाही ते आणि साखरेचे आकडे तीत लिहून ठेवावेत. घाईच्या वेळी डॉक्टरांच्या हाती ती वही पडली, तर डब्यापेक्षा तिचाच आधार मोठा ठरेल.