पहिल्या नंबरची गॅरंटी

आमच्या बचत गटाच्या पापड-मसाल्याची वेबसाइट झाली आणि आठवड्यात फोन आला, "ताई, एसईओ करून देतो. आठ हजार भरा, गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी!" एसईओ म्हणजे शोधणाऱ्याला आपलं पान सापडावं अशी त्याची मांडणी. आम्ही निम्मे पैसे भरले. त्याने शोधून दाखवलं, तर खरंच आम्ही पहिल्या! पण शोधलं होतं गटाचंच नाव. नवं गिऱ्हाईक 'नाचणी पापड' असंच शोधणार ना? तिथे आमचा पत्ताच नव्हता.

पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. पैसे भरून वर येते ती जाहिरात, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद तर फुकट होते.

मग एका जाणत्या मुलीला गाठलं. तिने आधी आम्हालाच विचारलं: गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं? माल कुठवर पाठवता? वजन, भाव, फोटो पानावर का नाहीत? काही महिने लागतील, म्हणाली. आणि पासवर्ड गटाकडेच ठेवायला लावला. पहिल्याकडून तो सोडवायलाच आमचे दोन महिने गेले होते.