पहिल्या धड्याआधीची पानं

जूनमध्ये शाळा उघडली की घरोघरी नव्या पुस्तकांना कव्हरं घातली जातात. पहिल्या धड्याआधीची पानं मात्र फारसं कुणी वाचत नाही. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण मुलानं वर्षभरात काय शिकायचं ते तिथं छापलेलं असतं.

हे ठरतं कसं? शिक्षण पूर्वी राज्यांच्या अखत्यारीत होतं. 1976च्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती सूचीत आलं आणि केंद्र व राज्य दोघांचाही त्यावर अधिकार झाला. दिल्लीची एनसीईआरटी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार करते. 2005चा आराखडा प्रा. यशपाल यांच्या समितीनं केला, 2023चा डॉ. कस्तुरीरंगन यांच्या. आराखडा दिशा देतो, तो कायदा नसतो. त्यामुळे राज्यं त्यात आपली भाषा, आपला इतिहास, आपला परिसर आणू शकतात. महाराष्ट्रात हे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते आणि पुस्तकं काढते बालभारती. म्हणजे पुस्तक या साखळीत बरंच शेवटी येतं.

साखळीच्या मधोमध असतात अध्ययन निष्पत्ती. नाव जड आहे, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. अमुक इयत्तेअखेर मुलाला काय करता यायला हवं, ते इथं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिसरीच्या गणिताचंच घ्या. रोजच्या व्यवहारातली, तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकीची उदाहरणं मुलाला सोडवता आली पाहिजेत. आता वर्गात बाई फळ्यावर लिहितात : शाळेत 245 विद्यार्थी, त्यांत 118 मुली, तर मुलगे किती? मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "बाई, बेरीज करायची की वजाबाकी?" उभी मांडणी करून दिली तर हेच मूल दशक सुटा करून 127 बरोबर काढतं. त्याला रीत येते, उदाहरण उमगलेलं नसतं. निष्पत्ती गाठली गेलेली नाही, आणि तरी पुस्तकातला धडा ‘झालेला’ असतो.

याचा दोष मी शिक्षकांना देणार नाही. एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळणारे गुरुजी आपल्या खेड्यापाड्यांत आजही आहेत. वरून विचारणा होते ती पोर्शन संपला का याची, आणि पालकही तेच विचारतात. परीक्षा पाठांतर तपासत असेल, तर आराखड्यात कितीही सुंदर लिहा, वर्गात पाठांतरच चालणार. म्हणून मूल्यमापन बदलल्याशिवाय नुसती पुस्तकं बदलून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

2025-26पासून आपल्याकडे पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला, पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्यानं येत आहेत. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. पुढच्या पालकसभेआधी मुलाच्या पुस्तकातली ती पानं वाचा, आणि त्यांतली एखादी निष्पत्ती आपल्या मुलाला कितपत जमते, हे वर्गशिक्षकांना विचारा.